बिनहाताच्या खुर्च्या

जूनमधली दुपार, बाराचा सुमार. कोर्टाच्या जुन्या इमारतीसमोरच्या हिरवळीवर दोनेकशे पांढऱ्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या. त्यांतल्या जेमतेम साठ-सत्तर भरलेल्या, त्याही ओकच्या सावलीत आलेल्या तेवढ्याच. मंचावर चौघं जण: फिडल (म्हणजे व्हायोलिनच), बँजो, गिटार आणि वाजवणाऱ्याच्या डोक्याच्या वर जाणारा डबल बास. ॲपलाचियन डोंगरातलं ज्याला ‘ओल्ड-टाइम’ म्हणतात ते संगीत. कडेला एक शाळकरी स्वयंसेवक हातातल्या टकटक यंत्रावर डोकी मोजत उभा होता. मलाही त्याने मोजलं. मी सरबत आणायला गेले आणि परत आले, तेव्हा पुन्हा मोजलं.

हे गाव अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातलं. मी राहते त्या कॅरीपासून गाडीने दोनेक तासांवर. गावाच्या उन्हाळी संगीत महोत्सवात या बँडला चाळीस मिनिटं दिलेली होती, तीही भर उन्हातली. संध्याकाळच्या गार वेळा जुनी रॉक गाणी वाजवणाऱ्या बँडसाठी राखून ठेवलेल्या. निवेदकाने ‘स्कॉटलंड-आयर्लंडहून आलेल्या आपल्या पूर्वजांनी जपलेला ठेवा’ अशी ओळख करून दिली. प्रत्येकापुढे वेगळा मायक्रोफोन, चौघांची तोंडं प्रेक्षकांकडे. फिडलवाल्या बाई मान वाकडी करकरून बँजोवाल्याच्या हाताकडे बघत होत्या. धून तीन मिनिटांत आटपायची, टाळ्या घ्यायच्या, मग तारा जुळवायच्या. तारा जुळवणं लांबलं की लोक फोनमध्ये डोकं घालायचे.

तासाभराने मी गाडीकडे निघाले, तर पार्किंगच्या टोकाला एका झाडाखाली तीच चौघं बसलेली दिसली. त्यांच्याभोवती आणखी नऊ-दहा जण, तीन फिडलं, दोन बँजो, एक मँडोलिन. सगळ्यांची तोंडं आत, पाठी जगाकडे. धून बहुधा मंचावरचीच होती, पण आता ती दहा-बारा मिनिटं चालली होती आणि थांबायचं नाव घेत नव्हती. एका आजोबांनी पिकअपच्या मागून प्लायवूडचा तुकडा काढून जमिनीवर टाकला आणि त्यावर टाचा-चवडे आपटत नाचायला लागले. फ्लॅटफूटिंग म्हणतात त्याला. पावलं जमिनीपासून फारशी उचलायची नाहीत, ताल मात्र लाकडातून खणखणीत आला पाहिजे. तिथे कुणी डोकी मोजत नव्हतं.

अशा महोत्सवांना थोडा पैसा गावाच्या तिजोरीतून मिळतो, थोडा राज्याच्या कला अनुदानातून, उरलेला गावातल्या दुकानदारांकडून. वर्षाअखेरीला हिशेब जातो तो ‘किती लोक आले’ याचा. माझं म्हणणं साधं आहे. या संगीतासाठी सार्वजनिक पैसा खर्च करायचाच असेल, तर तो आधी त्या झाडाखाली गेला पाहिजे, उरला तर मंचावर. आणि मोजायचंच असेल तर वाजवणारे किती वाढले ते मोजा. ऐकणारे आपोआप येतात, नाही आले तरी बिघडत नाही.

यावर कुणी म्हणेल, बाई, तुम्हाला मंचाचा राग का? मला राग नाही. मी मिरजेची. मंचावरच्या मैफिली ऐकतच लहानाची मोठी झाले. रागदारी गाणारा समोरच्या श्रोत्याशी बोलत असतो, त्याची दाद घेऊन पुढे जातो. ते संगीत मंचावर फुलतं. ओल्ड-टाइममधूनच पुढे निघालेलं इथलं ब्लूग्रासही तसंच. ब्लूग्रासचा जनक मानल्या जाणाऱ्या बिल मनरोच्या बँडमध्ये 1945 साली अर्ल स्क्रग्ज आला, तीन बोटांनी बँजो वाजवायची त्याची पद्धत रेडिओवर गाजली, आणि एकेकाने पुढे येऊन मायक्रोफोनपाशी आपली करामत दाखवायची, मग मागे सरकायचं, हा शिरस्ता पडला. ब्लूग्रासचा जन्मच मंच आणि रेडिओच्या संगतीत झाला. ओल्ड-टाइम त्याच्या आधीचं, आणि त्याची घडण निराळी.

ती घडण कळायला कोंडाळ्यात बसायला हवं. मी बसते. चाळिशी उलटल्यावर जुना बँजो घेतला आणि अजूनही वाईटच वाजवते. ओल्ड-टाइममध्ये एकाची करामत आणि बाकीच्यांची साथ असं नसतं. सगळे एकदमच धून वाजवतात. धुनेचे दोन भाग, एक खालच्या अंगाचा, एक वरच्या, प्रत्येक दोनदा. ते झाले की पुन्हा पहिल्यापासून. पंधरा वेळा, वीस वेळा. पहिल्या तीन-चार फेऱ्यांत नवखा माणूस नुसता चाचपडतो. पाचव्या फेरीला सांगाडा हाती लागतो. दहाव्या फेरीला बोटं स्वतःच चालायला लागतात. इतक्या फेऱ्या ऐकणाऱ्याच्या सोयीसाठी नसतात, शिकणाऱ्याच्या आणि नाचणाऱ्याच्या सोयीसाठी असतात. मंचावर तीन फेऱ्यांत धून संपवली की शिकण्याची वाट बंद झाली. ऐकणाऱ्याला मात्र तीनही जास्त वाटतात, कारण त्याच्या दृष्टीने तेच ते चाललेलं असतं. म्हणजे मंचावर ते संगीत कंटाळवाणं वाटतं, हा प्रेक्षकांचा दोष नाही.

तारा जुळवण्याचंही तेच. क्लॉहॅमर पद्धतीत बँजोच्या तारेवर नखाने वरून खाली मारायचं आणि अंगठ्याने पाचवी आखूड तार छेडायची. ती आखूड तार सतत एकाच सुरात वाजत राहते, त्यामुळे पट्टी बदलली की बँजोच्या तारा नव्याने लावाव्या लागतात. फिडलवालेही पट्टीनुसार तारा वर-खाली करतात. कोंडाळ्यात यावर सोपा उपाय असतो: एकदा ‘डी’त बसलो की तासभर ‘डी’तच. मंचावर चाळीस मिनिटांत वैविध्य दाखवायचं म्हणून तीन पट्ट्या घ्यायच्या आणि तारा पिळत बसायचं.

धून थांबवायची कशी, हेही सांगते. ज्याने सुरू केली तो शेवटच्या फेरीत एक पाय उचलतो. मी पहिल्यांदा बसले तेव्हा हे मला माहीत नव्हतं. सगळे टपकन थांबले आणि माझा बँजो एकटाच दोन ठोके पुढे गेला. शेजारच्या बाई म्हणाल्या, ‘त्याच्या हाताकडे बघू नकोस गं, बुटाकडे बघ.’ त्या दिवसापासून मी बुटांकडे बघते. मंचाखालच्या खुर्चीत बसून हे दहा वर्षांत कळलं नसतं.

आता थोडं मागे जाते. हे संगीत जगलं कसं? माउंट एअरीजवळच्या टोस्ट नावाच्या वस्तीत टॉमी जॅरल राहायचा. जन्म 1901, मृत्यू 1985. फिडल आणि बँजो दोन्हींत त्याचा हात धरणारा विरळा. पण पोटासाठी त्याने आयुष्यभर राज्याच्या रस्ते खात्यात रस्ता सपाट करायचा ग्रेडर चालवला. 1966 साली निवृत्त झाला, आणि त्यानंतर देशभरातले तरुण त्याच्या दारात येऊन उभे राहू लागले. कॉलेज सोडलेले, केस वाढवलेले, शहरी. तो त्यांना घरात घ्यायचा, खाऊ घालायचा, झोपायला जागा द्यायचा आणि धून पुन्हा पुन्हा वाजवून दाखवायचा. 1982 साली नॅशनल एंडाउमेंट फॉर द आर्ट्स या केंद्र सरकारच्या कला-अनुदान संस्थेने नॅशनल हेरिटेज फेलोशिप सुरू केली, तेव्हा पहिल्याच यादीत त्याचं नाव होतं. आज अमेरिकेत कुठल्याही ओल्ड-टाइम कोंडाळ्यात जा, त्याच्या राउंड पीक घराण्याच्या धुना वाजतात. घराणं हा शब्द मीच वापरते, इथले लोक नुसतं ‘राउंड पीक’ म्हणतात, पण अर्थ तोच. त्या पसरल्या त्या बऱ्याचशा एका निवृत्त ग्रेडरचालकाच्या बैठकीच्या खोलीतून. ध्वनिमुद्रिकांनीही मदत केली, ते नाकारत नाही. पण मुद्रिका ऐकणारे शेवटी त्याच खोलीत येऊन बसले.

दुसरं उदाहरण मला जास्त जवळचं, कारण ते गाव माझ्या घरापासून लांब नाही. मेबनचा जो टॉम्पसन, 1918 ते 2012. कृष्णवर्णीय फिडलवादक, फर्निचरच्या कारखान्यात कामाला. त्याच्या घराण्यात फिडल-बँजो पिढ्यान्‌पिढ्या होता. मक्याची कणसं सोलायला शेजारीपाजारी जमायचे, काम आटपलं की नाच व्हायचा. 2005च्या एप्रिलमध्ये बूनच्या ॲपलाचियन स्टेट विद्यापीठात कृष्णवर्णीयांच्या बँजो परंपरेवर एक मेळावा भरला. तिथे रियानन गिडन्स, डॉम फ्लेमन्स आणि जस्टिन रॉबिन्सन एकमेकांना भेटले, आणि त्या उन्हाळ्यापासून दर गुरुवारी संध्याकाळी मेबनला टॉम्पसनच्या घरी जाऊन त्याच्याबरोबर वाजवू लागले. त्यातून कॅरोलिना चॉकलेट ड्रॉप्स हा बँड उभा राहिला. 2011 साली त्यांना ग्रॅमी मिळालं. गिडन्सला पुढे 2017 साली मॅकआर्थर फेलोशिप आणि 2023 साली संगीतरचनेचं पुलित्झर मिळालं. हे सगळं मोठं आहेच, पण मला त्या गुरुवारांचं अप्रूप जास्त. शहाऐंशी वर्षांचा म्हातारा आणि तीन तरुण पोरं, आठवड्याला एक संध्याकाळ.

या दोन्ही गोष्टींत एक धागा आहे. जॅरल ग्रेडर चालवायचा, टॉम्पसन कारखान्यात जायचा, आणि 1925 साली ज्याच्या एका तबकडीच्या लाखावर प्रती खपल्या तो चार्ली पूल कापडगिरणीतला कामगार. डोंगरात फिडल-बँजोवर पोट भरणारे कधीच फारसे नव्हते, आणि हे संगीत कधी प्रेक्षकांच्या जिवावरही जगलं नाही. ते जगलं शेजारावर. घरात नाच असला की खोल्यांमधलं सामान बाहेर काढायचं आणि वाजवणाऱ्यांना दोन खोल्यांमधल्या दारात बसवायचं, म्हणजे दोन्हीकडे ऐकू जातं. त्या दारात बसून वाजवणारा आणि खोलीत नाचणारा, दोघं दुसऱ्या दिवशी एकाच शेतात किंवा एकाच गिरणीत भेटायचे. आपल्याकडे गावच्या देवळातल्या एकादशीच्या भजनासारखंच हे. ऐकायला म्हणून तिथे कोण जातं? गेलं की टाळ हातात येतात.

आता तो शेजार उठला. व्हर्जिनिया-नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरपट्ट्यातल्या कापडगिरण्या आणि फर्निचरचे कारखाने 1990च्या दशकापासून एकेक करून बंद पडत गेले, वेस्ट व्हर्जिनियातल्या खाणींनी माणसं कमी केली, पोरं शहरांकडे गेली. सार्वजनिक पैशाची गरज आहे ती यासाठी. जे हरवलं ते भरून काढायचं असेल, तर हरवलं काय ते आधी नीट बघा. प्रेक्षक हरवलेले नाहीत, ते या संगीताला फारसे कधी नव्हतेच. हरवली आहे ती आठवड्याची संध्याकाळ, आणि सहज उठून ज्याच्या घरी जाता येईल असा शेजारी. अनुदानाने मंच उभा करणं म्हणजे विहीर आटली म्हणून गावात पाण्याचं चित्र लावण्यासारखं आहे.

मंचाबद्दल माझी दुसरी तक्रार जुनी आहे, इतिहासाएवढी. मंच म्हटला की कुणाला चढवायचं हे कुणीतरी ठरवतं. ठरवायला निकष लागतो. आणि ‘अस्सल’ हा निकष लावणाऱ्यांनी या डोंगरात काय केलं, ते लक्षात ठेवण्यासारखं आहे.

बँजो आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या लोकांनी इथे घडवला. थॉमस जेफरसनने 1780च्या दशकात व्हर्जिनियाविषयी लिहिताना ‘बँजार’ हे वाद्य त्यांनी आफ्रिकेहून आणल्याचं नोंदवलं आहे, आणि तो स्वतः गुलामांचा मालक होता, म्हणजे माहिती घरातलीच. सेनेगल-गांबियाकडच्या जोला लोकांचं अकोंटिंग बघितलं तर नातं डोळ्यांना दिसतं: भोपळ्याचं अंग, त्यावर ताणलेलं कातडं, लांब काठीची दांडी, आणि अंगठ्याने छेडायची एक आखूड तार. नखाने खाली मारायची पद्धतही तीच. मी सतारमेकर गल्लीतले वाळत घातलेले भोपळे बघत शाळेत गेलेली. भोपळ्याचा बँजो पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा त्याला पाठीमागून टिचकी मारून बघितली, सवयीने.

(मराठी वाचकाला ‘बँजो’ म्हटलं की गणपतीच्या मिरवणुकीतली बेंजो पार्टी आठवणार. ते वाद्य वेगळं. तो बुलबुल तरंग, टाइपरायटरसारख्या कळा दाबून वाजवायचा, आणि त्याचं मूळ 1912 साली जपानातल्या नागोयात निघालेल्या ताइशोगोतो या वाद्यात. नुसतं नाव उसनं. माझ्या आईला मी बँजो शिकते म्हणून सांगितलं तेव्हा ती पहिलं वाक्य बोलली: ‘मिरवणुकीत?’)

तर, बँजो आफ्रिकेचा, फिडल युरोपाची, आणि दोघांचं लग्न इथे लागलं. लावणाऱ्यांत दोन्ही रंगांची माणसं होती. 1923 साली अटलांटात रेकॉर्ड कंपनीच्या राल्फ पीअरने फिडलिन’ जॉन कार्सनची तबकडी काढली, ती खपली, आणि कंपन्यांना डोंगरातलं संगीत म्हणजे बाजार आहे हे कळलं. बाजार सोयीचा व्हावा म्हणून त्यांनी यादीचे दोन कप्पे केले. गोऱ्यांच्या तबकड्या ‘ओल्ड-टाइम’ किंवा ‘हिलबिली’ नावाखाली, कृष्णवर्णीयांच्या ‘रेस रेकॉर्ड’ म्हणून. कृष्णवर्णीय फिडलवादक कुठल्याच कप्प्यात धड बसेना, म्हणून त्याच्या तबकड्या फारशा निघाल्याच नाहीत. कार्टर फॅमिली या गाजलेल्या गायक कुटुंबासाठी ए. पी. कार्टर डोंगरात गाणी गोळा करत हिंडला, तेव्हा त्याच्याबरोबर चाली ध्यानात ठेवणारा लेस्ली रिडल हा कृष्णवर्णीय गिटारवादक होता. तबकडीवर त्याचं नाव नाही.

पुढे भले लोक मदतीला आले आणि काम आणखी बिघडलं. मोटारवाल्या हेन्री फोर्डने 1926च्या सुमारास ‘जुन्या’ फिडल स्पर्धांचा आणि नाचांचा मोठा गाजावाजा केला. त्याच्याच वर्तमानपत्रात जाझ म्हणजे ज्यूंचं कारस्थान असल्याचं छापून येत होतं, त्यावरचा उतारा म्हणून हे ‘शुद्ध’ संगीत. 1931 ते 1939 या काळात व्हर्जिनियातल्या व्हाइट टॉप डोंगरावर लोकमहोत्सव भरायचा. 1933 साली राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट तिथे येऊन गेल्या. त्याच्या सूत्रधारांपैकी एक जॉन पॉवेल, रिचमंडचा नावाजलेला पियानोवादक आणि रचनाकार. हाच गृहस्थ गोऱ्यांच्या वंशशुद्धीचा पुरस्कार करणाऱ्या अँग्लो-सॅक्सन क्लबांचा संस्थापक, आणि आंतरवर्णीय लग्नांवर बंदी घालणारा व्हर्जिनियाचा 1924चा कायदा आणण्यात पुढे होता. व्हाइट टॉपवर कोणती धून अस्सल आणि कोणती नाही हे असली माणसं ठरवत होती. कृष्णवर्णीयांना तिथे जागा नव्हती. बँजोला मात्र होती.

म्हणून तो निवेदक ‘आपले स्कॉटिश-आयरिश पूर्वज’ म्हणाला तेव्हा माझ्या कपाळाला आठी पडली. तो माणूस वाईट नव्हता, त्याच्या हातात दिलेला कागद तो वाचत होता. पण तो कागद कुणी पहिल्यांदा लिहिला, ते आता आपल्याला माहीत आहे.

आता माझ्याच बाजूची भोकं दाखवते, नाहीतर कुणीतरी दाखवीलच.

कोंडाळ्याला दार नसतं, असं म्हणतात. असतं. सगळ्यांची पाठ बाहेर असते, आणि ती पाठ ज्याच्या ओळखीची त्यालाच खुर्ची सरकवून जागा मिळते. मी एका मोठ्या मेळाव्यात अर्धा तास बँजोची पेटी धरून एका कोंडाळ्याबाहेर उभी होते, कुणी मान वर केली नाही. ते खडूस होते असं नाही, वाजवण्यात बुडाले होते. पण सावळ्या बाईला त्या दोहोंतला फरक बाहेरून कळत नाही, आणि कृष्णवर्णीय तरुणाला तर नाहीच, कारण त्याच्या आजोबांना खरोखरच बाहेर ठेवलेलं होतं. मंचावर निदान नाव छापलेलं असतं. आणि बूनचा तो 2005चा मेळावा आठवा: विद्यापीठात, आधी आखून भरवलेला. तो नसता तर ते तिघं भेटले नसते आणि मेबनचे गुरुवारही झाले नसते. म्हणजे योजून भरवलेल्या कार्यक्रमाची गरज आहे, हे मला मान्य करावंच लागतं. फक्त त्याचं यश कशात, तर पुढचे गुरुवार किती झाले यात.

दुसरं भोक पैशाचं. मंचावरच्या चौघांना मानधन मिळालं, झाडाखालच्या बाकीच्या नऊ-दहांना नाही. ‘संगीत शेजारावर जगलं’ असं म्हणत कलाकाराला फुकट राबवणं सोपं असतं, आणि ते आपल्या लोकांना तर फारच चांगलं जमतं. त्यामुळे माझी सूचना मानधन कमी करण्याची नाही. त्याच बँडला तेच पैसे द्या, थोडे जास्त द्या, आणि चाळीस मिनिटांऐवजी तीन तास मागा. अर्धा तास मंचावर, उरलेले झाडाखाली, शिकाऊ लोकांसाठी संथ लयीत. वाजवून दाखवणं आणि शिकवणं या दोन्हींचा दर एकच ठेवा. सत्तरीच्या फिडलवादकाला मंचावर चढवून ‘जिवंत वारसा’ म्हणून टाळ्या देण्यापेक्षा त्याच्या गुरुवार संध्याकाळचे पैसे द्या, वर्षभर. अनेक राज्यांत गुरू-शिष्य पद्धतीची छोटी अनुदानं यासाठीच आहेत, आणि महोत्सवाच्या खर्चापुढे ती चिल्लर असतात.

तिसरा आक्षेप दर्जाचा. कोंडाळ्यात पुष्कळदा फार वाईट वाजतं. माझ्यामुळेही वाजतं. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही, एवढंच म्हणते की टॉमी जॅरलच्या खोलीतही सगळेच काही टॉमी जॅरल नव्हते.

काय करता येतं याचे नमुने याच डोंगरात आहेत. नॉर्थ कॅरोलिनातल्या ॲलेगेनी काउंटीत, स्पार्टा गावी, हेलन व्हाइट या शाळेतल्या समुपदेशक बाईंनी 2000 साली शाळा सुटल्यावरचे फिडल-बँजोचे वर्ग सुरू केले. ज्यांच्या घरी वाद्य नाही त्यांना वाद्य द्यायचं आणि गावातल्याच वाजवणाऱ्यांकडून शिकवायचं. ज्युनिअर ॲपलाचियन म्युझिशियन्स या नावाने ती पद्धत डोंगरातल्या कित्येक काउंट्यांत गेली. वेस्ट व्हर्जिनियातल्या क्लिफटॉपला 1990 पासून राज्याचं सांस्कृतिक खातं दर उन्हाळ्यात स्ट्रिंग बँडचा महोत्सव भरवतं. स्पर्धेचा मंच तिथेही आहे, बक्षिसं आहेत, ‘पारंपरिक’ आणि ‘नव-पारंपरिक’ असे बँडचे दोन गट आहेत, त्यावरून वाद आहेत. पण लोक येतात ते तंबू ठोकून चार-पाच दिवस राहायला. रात्री दोनला ताडपत्र्यांखाली कंदील लावून पंचवीस ठिकाणी वाजवणं चाललेलं असतं, आणि मंचावर कोण जिंकलं हे पुष्कळांना घरी गेल्यावर कळतं. खात्याने काय दिलंय? माळ, पाणी, संडास आणि रात्री कुणाला हुसकून न लावण्याचं धोरण. तेवढं पुरतं.

त्या जागेचंही एक आहे. तिचं नाव कॅम्प वॉशिंग्टन-कार्व्हर. 1942 साली ती खुली झाली ती कृष्णवर्णीय मुलामुलींसाठी राज्याने चालवलेलं फोर-एच (ग्रामीण मुलांसाठीची संघटना) शिबिर म्हणून, देशातलं त्या प्रकारचं पहिलं. मधोमध चेस्टनटच्या ओंडक्यांची प्रचंड इमारत उभी आहे. आता महोत्सवाला जमणाऱ्यांत बहुसंख्य गोरे. जागेचा इतिहास पाटीवर लिहून भागत नाही. त्या शिबिरात लहानपणी राहिलेल्यांची नातवंडं हातात बँजो घेऊन तिथे आली पाहिजेत, त्यासाठी त्यांच्या शाळांपर्यंत वाद्यं गेली पाहिजेत, आणि कोंडाळ्याबाहेर उभ्या असलेल्या माणसाला आत घेण्याचं काम कुणावर तरी नेमून सोपवलं पाहिजे. लग्नात आपण दारात अत्तर-गुलाबाला एकाला उभं करतो ना, तसं. त्यालाही पैसे द्या.

2025च्या मे महिन्यात नॅशनल एंडाउमेंट फॉर द आर्ट्सने आधी मंजूर केलेली कित्येक अनुदानं रद्द केली. छोट्या महोत्सवांच्या समित्या तेव्हापासून कुठे कात्री लावायची या चर्चेत आहेत, आणि पहिली कात्री लागते ती वर्गांना आणि उसन्या वाद्यांना, कारण मंच दिसतो आणि गुरुवार दिसत नाही. म्हणून हे आत्ता लिहिते आहे.

त्या जूनमधल्या महोत्सवाच्या समितीला मी पत्र लिहिलं. खूप काही मागितलं नाही. पार्किंगच्या टोकाच्या त्या झाडाखालची जागा दिवसभर राखून ठेवा, मंचाचे स्पीकर तिकडे वळवू नका, नाचायला चार बाय आठचा एक प्लायवूड टाका, निवेदकाच्या कागदात बँजो कुठून आला ते एका वाक्यात घाला, आणि बाराएक बिनहाताच्या खुर्च्या द्या. चार दिवसांनी उत्तर आलं, फार सौजन्याचं. जागेचं बघू, प्लायवूड मिळेल, वाक्याविषयी बैठकीत बोलू. खुर्च्यांसाठी चर्चच्या गोदामात छान हाताच्या, गादीवाल्या खुर्च्या आहेत, त्या चालतील का?

मी लिहिलं, नाही चालणार. बँजो धरला की उजवं कोपर हातावर आपटतं.